किरणांचा मार आणि झाडपाल्याची ढाल

फजरच्या नमाजनंतर माहीमहून चालत शिवाजी पार्कला जाणे हा आमचा बऱ्याच वर्षांचा परिपाठ आहे. मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या, कट्ट्यावर घटकाभर टेकायचे आणि मग हिंदमाताच्या दुकानाची वाट धरायची. कट्ट्याच्या आसपास हल्ली आवळा, कारले, गव्हांकुर यांचे रस विकणारे उभे असतात. सकाळी फिरायला येणारी माणसे पेलाभर पितात आणि पुढे जातात. त्यात वावगे काही नाही.

मात्र मागच्या हिवाळ्यात याच कट्ट्यावर एक ओळखीचे गृहस्थ आमच्या शेजारी येऊन बसले आणि पिशवीतून एक बाटली काढून आमच्या हातात दिली. हिरवा कागद, सोनेरी अक्षरे, आत कॅप्सूल. हळद, तुळस, आवळा, कलौंजी अशी नावे आणि वर ठळक दावा : ‘किरणोत्सर्गापासून संपूर्ण संरक्षण.’ एक्स-रे असो, मोबाईल असो की कॅन्सरचा शेक असो, सर्वांवर ही एकच बाटली! गृहस्थ म्हणाले, “शेठ, एजन्सी घ्या. चाळीस टक्के सुटतात. टाटाला जाणारे पेशंट रोज तुमच्या दारावरून जातात. कापडाच्या बाजूला एक कपाट ठेवायचे, बस्स.”

खोटे कशाला बोलावे? चाळीस टक्क्यांचा आकडा ऐकून आमचे मन हलले. कापडाच्या धंद्यात आज इतके सुटते कुठे? पण त्याच वेळी आमचे जुने मास्टर डोळ्यांसमोर आले. पंचवीस वर्षे आमच्या दुकानाचे कटिंग त्यांनी केले. गालाच्या आत कॅन्सर निघाला, ऑपरेशन झाले आणि त्या दिवसांत त्यांचा शेक चालू होता. आम्ही गृहस्थांना म्हटले, आठ दिवसांनी सांगतो. त्या आठ दिवसांत जे विचारले, वाचले आणि समजून घेतले, ते व्यापारी आणि कारीगर बंधूंपुढे ठेवत आहोत.

किरण शरीरात काय करतात?

ज्याला रुग्ण ‘शेक’, ‘सिकाई’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, त्यात आग किंवा उष्णता नसते. ते एक्स-रे किंवा गॅमा किरण असतात. शरीराचा मोठा भाग पाण्याचा आहे. किरण त्या पाण्यावर आदळले की पाण्याच्या कणाचे तुकडे होतात. हे तुकडे अत्यंत चिडलेले असतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘फ्री रॅडिकल’ म्हणतात. ते पेशीतील डीएनएला, म्हणजे पेशीच्या मूळ नकाशालाच जाऊन भिडतात आणि तो तोडतात. एक्स-रे आणि गॅमा किरणांच्या एकूण नुकसानीपैकी सुमारे दोन तृतीयांश नुकसान या आडमार्गाने होते. उरलेले किरण थेट डीएनएवर आदळल्याने होते.

कॅन्सरची पेशी मारण्यासाठी नेमके हेच हवे असते. पण शेजारच्या निरोगी पेशींनाही मार बसतो. म्हणून तोंडात फोड येतात, लाळ सुकते, कातडी काळवंडते. डॉक्टर हा मार एकदम देत नाहीत. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये साधारण ६० ते ७० ग्रे इतकी मात्रा सहा-सात आठवड्यांत, रोज थोडी थोडी, आठवड्याचे पाच दिवस देतात. निरोगी पेशी मधल्या वेळात आपली डागडुजी करते, कॅन्सरच्या पेशीला ते तितके साधत नाही. सगळा इलाज या फरकावर उभा आहे. हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

झाडपाल्याचा संबंध कुठे येतो?

कापडवाल्यांना एक गोष्ट ठाऊक असते. हळदीत रंगवलेले कापड उन्हात वाळत घातले की पिवळा रंग उडत जातो. हळदीतील रंगद्रव्य, ज्याला कर्क्युमिन म्हणतात, ते उन्हाचा मार स्वतःवर घेते आणि स्वतः मोडते. रंगाऱ्याच्या दृष्टीने हा कच्चा रंग. पण शास्त्रज्ञाच्या दृष्टीने यात एक इशारा आहे. वनस्पती दिवसभर उन्हात उभी असते, पळून जाऊ शकत नाही, म्हणून तिने स्वतःच्या बचावासाठी अशी अनेक द्रव्ये तयार केलेली आहेत. यातली काही द्रव्ये त्या चिडलेल्या तुकड्यांना मध्येच पकडून थंड करतात. काही द्रव्ये आपल्या पेशीची स्वतःची बचावयंत्रणा जागी करतात.

हा शोध युद्धाच्या भीतीतून सुरू झाला. अणुबॉम्बनंतरच्या काळात अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेने हजारो रासायनिक द्रव्ये तपासली. त्यातून ॲमिफॉस्टिन नावाचे औषध निघाले. डोके आणि मानेच्या कॅन्सरमध्ये शेक घेणाऱ्यांची लाळ सुकू नये, यासाठी १९९९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण ते शिरेतून द्यावे लागते, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो. म्हणून कमी त्रासाचे काही वनस्पतींत सापडते का, हे पाहायला जगभर सुरुवात झाली. आपला देश त्यात मागे राहिला नाही.

कर्नाटकात मणिपाल येथील कस्तुरबा मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पी. उमा देवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात तुळशीवर काम केले. तुळशीच्या पानांतून त्यांनी ओरिएन्टिन आणि व्हायसेनिन ही दोन द्रव्ये वेगळी केली. किरण देण्याआधी ही द्रव्ये दिलेले उंदीर, न दिलेल्या उंदरांपेक्षा जास्त संख्येने जगले. दिल्लीच्या ‘इनमास’ या संरक्षण खात्याच्या संस्थेने लडाखात उगवणाऱ्या लेह बेरीवर असेच प्रयोग केले. तुर्कस्तानातील संशोधकांनी आपल्या कलौंजीचे तेल उंदरांना देऊन पाहिले. आणि इथे मुंबईतच, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात क्लोरोफिलिनवर काम झाले. पानांच्या हिरव्या रंगद्रव्यापासून तयार होणारे हे द्रव्य खाद्यपदार्थांना हिरवा रंग देण्यासाठीही वापरतात.

म्हणजे बाटलीवरची नावे हवेतून आलेली नाहीत. त्यांच्यामागे खरी प्रयोगशाळा आहे. गोम अशी की बाटलीवर नाव प्रयोगशाळेचे असते आणि दावा मात्र दुकानाचा असतो.

उंदीर आणि माणूस यांत अंतर

त्या प्रयोगांतील तीन गोष्टी विक्रेता सांगत नाही. पहिली, द्रव्य बहुतेक वेळा किरण देण्याच्या आधी दिलेले असते. किरणांनी तयार होणारे तुकडे क्षणाच्याही लहानशा भागात आपले काम उरकतात, त्यामुळे ढाल आधीच जागेवर असावी लागते. दुसरी, उंदराला ते पुष्कळदा सुईने देतात. तोंडाने घेतलेल्या हळदीतील कर्क्युमिन रक्तात फारच थोडे पोचते, बाकीचे तसेच बाहेर पडते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, त्या उंदरांपैकी बहुतेकांना कॅन्सर नव्हता. निरोगी उंदीर वाचला एवढेच तिथे पाहायचे होते. रुग्णाच्या बाबतीत मात्र एकाच शरीरात एक पेशी वाचवायची असते आणि दुसरी मारायची असते.

आमच्या धंद्यातील बांधणीचे उदाहरण घ्या. कापडावर दोऱ्याने गाठी मारून ते रंगात बुडवतात. जिथे गाठ तिथे रंग चढत नाही, ठिपका कोरा राहतो. कारीगराचे सारे कसब गाठ कुठे मारायची यात आहे. किरण म्हणजे रंग आणि वनस्पतीचे द्रव्य म्हणजे गाठ. निरोगी जागेवर गाठ बसली तर उत्तम. पण तीच गाठ कॅन्सरच्या गोळ्यावर बसली तर? तिथे किरणांचा रंग चढणार नाही. गोळा कोरा राहील, म्हणजे जिवंत राहील.

ही नुसती शंका नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांतात डोके-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. शेक चालू असताना काहींना ‘ई’ जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटिन जादा मात्रेत दिले, काहींना दिखाऊ गोळी. जादा मात्रा घेणाऱ्यांचा त्रास काहीसा कमी झाला, पण त्यांच्यात कॅन्सर उलटण्याचे प्रमाण जास्त दिसले. शेक चालू असताना विडी-सिगारेट न सोडलेल्यांचे सर्वांत जास्त नुकसान झाले. त्रास कमी झाला म्हणून रुग्ण खूश आणि आत दुखणे जिवंत, असा हा सौदा आहे.

मग माणसांवर काही सिद्ध झाले आहे का?

काही झाले आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मंगळूर येथे तोंड-घशाच्या कॅन्सरच्या ८० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना शेकाच्या काळात हळदीच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, काहींना नेहमीच्या आयोडीनच्या औषधाच्या. हळदवाल्यांच्या तोंडात फोड उशिरा आले आणि सौम्य राहिले. फ्रान्समध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या २५४ स्त्रियांवर कॅलेंड्युला या फुलाच्या मलमाची चाचणी झाली. २००४ सालच्या त्या निकालात नेहमीचे मलम लावणाऱ्या ६३ टक्के स्त्रियांची कातडी मध्यम किंवा त्याहून जास्त भाजली, तर कॅलेंड्युला लावणाऱ्यांत हे प्रमाण ४१ टक्के होते. दोन्ही ठिकाणी वस्तू दुखऱ्या जागेवर वापरली होती, हे लक्षात घ्यावे.

पोटातून घेण्याची कथा वेगळी आहे. अमेरिकेत ३० स्त्रियांच्या छोट्या चाचणीत रोज ६ ग्रॅम कर्क्युमिनने कातडीचा त्रास कमी झाल्याचे २०१३ साली दिसले. वर्तमानपत्रांत मथळे झळकले. पुढे तीच मात्रा ६८६ रुग्णांवर पडताळली, तेव्हा २०१८च्या निकालात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मथळा मात्र पहिल्याच चाचणीचा टिकून राहिला आणि बाटल्यांवर आजही तोच छापला जातो. दोन वार नमुना पाहून पूर्ण तागा विकत घेणाऱ्याला बाजारात काय म्हणतात, ते आम्ही सांगायला नको.

मुंबईतील काम थांबलेले नाही. भाभा अणुसंशोधन केंद्र, परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय, खारघरचे ॲक्ट्रेक आणि बंगलोरची आयडीआरएस लॅब्ज यांनी मिळून शेक घेणाऱ्या रुग्णांसाठी ‘ॲक्टोसाइट’ ही गोळी काढल्याचे २०२४ साली जाहीर झाले. ओटीपोटाच्या कॅन्सरमध्ये शेकामुळे लघवीतून रक्त जाते, अशा रुग्णांना तिचा चांगला गुण आल्याचे तेव्हा सांगण्यात आले. त्याच वर्षी टाटा मेमोरियलचे डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचे काम गाजले. द्राक्षाच्या सालीत असणारे रेझव्हेरॅट्रॉल आणि अगदी अल्प तांबे यांची ती जोडगोळी आहे. तिची कल्पना ढालीची नव्हे. मरणाऱ्या कॅन्सर-पेशींतून जे तुकडे रक्तात सुटतात आणि निरोगी पेशींना बिघडवतात, त्या तुकड्यांचा नाश करायचा, अशी ती आहे. यावर पुष्कळ चर्चा झाली आणि मोठ्या तुलनात्मक चाचण्यांशिवाय पक्का निकाल देता येणार नाही, असे अनेक डॉक्टरांनी बजावले. शंभर रुपयांत कॅन्सर बरा, असे जे पसरले ते संशोधनाचे म्हणणे नव्हतेच.

या दोन्ही कामांत मात्रा ठरलेली आहे, रुग्ण ठरलेला आहे आणि डॉक्टरची नजर आहे. कट्ट्यावरच्या बाटलीत यांतले काही नव्हते.

मास्टरांची बाटली

त्या आठ दिवसांत आम्ही मास्टरांना भेटायला गेलो. उशाशी पाहतो तर त्याच धर्तीची एक बाटली! भाच्याने अठराशे रुपयांना आणली होती. मास्टर म्हणाले, “डॉक्टरांना नाही सांगितले, शेठ. रागावतील.” आम्ही त्यांच्यासोबत पुढच्या तपासणीला गेलो आणि बाटली डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “चाचा, जेवणातली हळद, आवळा, भाजी-फळे, सगळे खुशाल खा. वजन टिकले पाहिजे. पण अर्काच्या कॅप्सूल शेक संपेपर्यंत बंद. आत किती आणि काय आहे हे मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही.”

त्या बाटलीने नुकसान केले की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. मास्टरांचा शेक पूर्ण झाला. आता ते दुपारी तास-दोन तास दुकानात येतात. लाळ सुकलेली आहे, पाण्याची बाटली सतत जवळ लागते. पण कात्री धरतात, आणि आम्हाला तेवढे पुरे आहे.

सुन्न करणारी गोष्ट एवढीच की, आम्ही होकार दिला असता तर अशीच बाटली दुसऱ्या कुणाच्या मास्टरच्या उशाशी आमच्या दुकानातून गेली असती. हिंदमाताहून टाटा जवळ, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गावोगावचे रुग्ण राहतात. इलाजासाठी शेत किंवा दागिना गहाण ठेवून आलेले ते लोक असतात. अशा गिऱ्हाइकाला घासाघीस करता येत नाही. म्हणूनच त्याला माल विकताना दुप्पट सावध राहिले पाहिजे.

व्यापाऱ्याने काय पाहावे?

अशी एजन्सी कुणी देऊ केली तर पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) माल औषध आहे की खाद्य? न्यूट्रास्युटिकल म्हणजे पूरक आहार हा खाद्यात मोडतो. त्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. २०१६च्या नियमांप्रमाणे ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना लेबलवर छापावी लागते. ती छापून वर कॅन्सरचा दावा करणारी बाटली स्वतःच्याच तोंडाने खोटी ठरते.

२) असा माल विकणाऱ्याला स्वतःचीही खाद्य नोंदणी किंवा परवाना लागतो. कापडाच्या दुकानाचे कागद इथे चालत नाहीत.

३) कॅन्सर बरा करण्याची किंवा टाळण्याची जाहिरात १९५४च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने बंद आहे. त्या कायद्यात पत्रक, लेबल आणि वेष्टन हेही जाहिरातच धरले जाते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खाद्य मालाच्या फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पत्रक कंपनीने छापले, आम्ही फक्त वाटले, ही सबब तकलादू आहे.

४) ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य बोलू नये. इनमासने ज्या वनस्पती तपासल्या त्यांत हिमालयातील पोडोफायलम आहे. ती विषारी आहे आणि तिच्यातील द्रव्यापासून कॅन्सरचे एक कडक औषधही बनते. वनस्पतीत जोर असतो, म्हणूनच ती जपून वापरावी लागते.

५) कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असेल तर ते कशापासून बनले, हे गिऱ्हाईक विचारणारच. उत्तर लेखी घ्यावे.

किरणही सगळे सारखे नसतात

बाटलीवर मोबाईल आणि शेक एकाच ओळीत लिहिले होते. मोबाईलच्या लहरींत पाण्याचा कण किंवा डीएनए तोडण्याची ताकद नसते. त्यामुळे त्या ‘तुकड्यांना’ पकडणारी कॅप्सूल तिथे काय पकडणार? मोबाईलवर चिकटवायच्या चकत्यांचीही तीच गत आहे.

खरा धोका असतो तिथे तर कुठलाच रस चालत नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिल्ली विद्यापीठाच्या लिलावातून एक जुने यंत्र आले. त्यात कोबाल्ट-६० होते. ते फोडले गेले, कामगार आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. आपले अनेक बंधू भंगाराच्या धंद्यात आहेत. पिवळ्या रंगावर तीन पात्यांच्या पंख्यासारखी काळी खूण असलेला किंवा आकाराच्या मानाने फारच जड, शिसे भरलेला डबा आला, तर तो फोडू नये. सगळ्यांनी दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे. अंतर हीच तिथली ढाल आहे.

आठ दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा कट्ट्यावर आले. आम्ही बाटली परत केली आणि नाही म्हटले. ते म्हणाले, “शेठ, तुम्ही नाही घेतली तर दुसरा घेईल.” घेईलही. तो हिशोब त्याचा.

आमचे कारीगर बंधूंना सांगणे एवढेच की, घरात कुणाचा शेक चालू असेल तर जे काही पोटात जाते ते सर्व डॉक्टरांना दाखवावे, लाजू नये. आणि ज्यांच्या गालात या क्षणी तंबाखूची चिमूट आहे त्यांनी ती थुंकून टाकावी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी अजून मिळते आणि कारखान्यांतून अजून खाल्ली जाते. मास्टरांच्या खिशातही ती वीस वर्षे होती. किरणांचा मार सोसण्याची पाळीच येऊ नये, यासाठी तंबाखू सोडण्यास पैसे पडत नाहीत आणि त्याला एजंटही लागत नाही.